भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक: घर शेजाऱ्याला विकलं की एजंटामार्फत?

ठाण्यात पाचपाखाडीतला आमचा वन बीएचके विकायचाय. बाबा गेले, आई आता माझ्याकडे डोंबिवलीला असते. शेजारच्या काकांना तो हवाय, मधली भिंत पाडून जोडफ्लॅट करायचा म्हणतात. "एजंट कशाला? त्याला द्यायचे ते आपणच वाटून घेऊ." एजंटाने 1 टक्का सांगितलाय, म्हणजे 95 लाखांवर 95 हजार. मन काकांकडेच ओढतंय, पण ज्यांच्या खांद्यावर बसून गणपती बघितले त्यांच्याशी घासाघीस कुठल्या तोंडाने करू? तुमचं काय झालं ते सांगा. रकमांसकट सांगितलंत तर फारच बरं.

नेरूळची काकू

आम्ही 2019 मध्ये समोरच्याच दाराला विकलं. सिडकोचं घर, चाळीसेक वर्षांचा शेजार. चहा पिता पिता 52 लाख ठरले. ना चिठ्ठी, ना चपाटी. मग सिडकोचा विषय निघाला. जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे घर विकताना सिडकोची परवानगी लागते आणि हस्तांतरणाचे पैसे भरावे लागतात. ते भरतील असं मी धरून चालले होते, आणि मी भरीन असं ते. दोन महिने कुणी तोंड उघडेना. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गेले, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि जे बोलायचं ते न बोलताच परत आले. शेवटी जावयाने वहीच्या पानावर दोन रकाने आखले, तुमचं आणि आमचं. मुद्रांक शुल्क, नोंदणीचे 30 हजार, सिडको, सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम (महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार), थकलेला मेंटेनन्स, लाइटबिल. दहा मिनिटांत वाटणी झाली. एजंट असता तर हे सगळं त्याने पहिल्याच दिवशी निर्लज्जपणे विचारलं असतं. माझ्या मते दलाली त्या निर्लज्जपणाचीच असते.

वर्तकनगरवाला

आमचे शेजारी वर्षभर एकच पालुपद लावून होते, "आपल्याच माणसाला देताय, जरा बघा ना." 78 च्या वर सरकेनात. वैतागून एजंटाला चावी दिली. एका रविवारी तीन पार्ट्या आल्या, दाराबाहेर चपलांचा ढीग. संध्याकाळी शेजारी स्वतःहून बेल वाजवून 82 बोलले. त्यांनाच दिला. एजंटाने तोंड वाकडं केलं, तेव्हा त्याच्या हातावर 25 हजार ठेवले. त्या चपलांचे म्हणून दिले असं समजतो.

ऐरोली

आमचा व्यवहार 68 लाखांचा, 2022 सालचा. विकणारे मी आणि बायको, घेणारे शेजारी नवरा-बायको. एजंट नको हा सल्ला माझा. शेजाऱ्यांनी पै न् पै प्रामाणिकपणे आमच्या खात्यात टाकली, आणि तीच चूक झाली. किंमत 50 लाख किंवा जास्त असली की घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून सरकारकडे भरायचा असतो; तेव्हा तो 26क्यूबी फॉर्मने भरायचा होता. दोन विकणारे आणि दोन घेणारे, म्हणून फॉर्म चार. उशिराला दिवसाचे 200 रुपये, तेही प्रत्येक फॉर्ममागे, वर व्याज. त्यांना नोटीस आली तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते गप्प झाले. ते जास्त लागलं. 68 हजार आम्ही परत केले आणि दंडाचा निम्मा भार उचलला. लिफ्टमध्ये अजून जरा अवघडायला होतं.

कळव्याहून

खालच्या मजल्यावरच्यांना विकला. वकिलाला 20 हजार दिले, काही अडचण आली नाही. असंही होतं, म्हणून लिहिलं.

मी एजंट आहे (घोडबंदर रोड)

शिव्या खायची सवय आहे, तरी बोलतो. जोडफ्लॅटचं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं. बाकीच्यांना ठाण्यात शंभर घरं मिळतील, काकांना भिंतीला भिंत लागून असलेलं हे एकच. त्यामुळे पडता भाव घेऊ नका. मात्र मधल्या भिंतीत बीम-कॉलम कुठे येतात ते इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटी-महापालिकेची परवानगी त्यांनी काढायची हे लिहून घ्या. नाहीतर पैसे अडकले की म्हणतील, भिंत पाडू देत नाहीत, आता फ्लॅट घेऊन करू काय. घरोब्यात आणखी एक मागणी हमखास येते, "थोडे रोख घ्या." 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. आणि गिऱ्हाईक तुम्हीच शोधलंय, तर पूर्ण टक्का कशाला देता? नुसत्या कागदांचं ठरवा. हे बाकीच्या एजंटांना सांगू नका.

कोपरीकर

आमचं फिसकटलं. फ्लॅट वडिलांच्या नावावर, नॉमिनी आई. नॉमिनी म्हणजे मालक अशी सगळ्यांची समजूत, शेजाऱ्यांचीही. साठेखत केलं, 5 लाख घेतले. त्यांच्या बँकेच्या वकिलाने एका ओळीत अडवलं: बाकी वारसांचं हक्कसोडपत्र कुठे? बहीण न्यू जर्सीत. वकिलातीतून मुखत्यारपत्र, मग इथे त्याचा मुद्रांक, त्यात पाच महिने गेले. तोवर त्यांनी दुसरीकडे घर पाहिलं. 5 लाख परत दिले, ते हसून "होतं असं" म्हणाले. पण त्यानंतर दिवाळीचा फराळ आला नाही. कानाला खडा लावला. एजंटाने कागद आधी मागितले असतेच असं नाही, तेही बरेचदा टोकननंतर मागतात. आमच्याकडे मात्र शेजाऱ्यांनी मागितलेच नाहीत, कारण शेजाऱ्याकडे कागद मागायचे म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटतं, त्यांनाही तसंच वाटलं असणार.

पाचपाखाडी (धागाकर्ता)

कोपरीकर, तुमचं वाचलं आणि उठून बाबांची फाइल काढली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून त्यांचंच नाव आहे. ताई इंदूरला, धाकटा पुण्यात. काकांना रात्री फोन केला, म्हटलं, किमतीचं नंतर बोलू, आधी आम्हा भावंडांच्या सह्या होऊ दे. ते म्हणाले, "अरे, आमचंही तसंच आहे. हा फ्लॅट अजून अण्णांच्याच नावावर आहे." अण्णा म्हणजे त्यांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. आता रविवारी आम्ही दोघं मिळून वकिलाकडे जातोय, एकाच रिक्षाने.