मदत हवी आहे: रस्त्याच्या कामात पांढरीचं टेकाड कापलं जातंय

नमस्कार मंडळी. आमच्या गावाबाहेर प्रवरेच्या काठाला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. रस्ता रुंदीकरणासाठी परवा जेसीबीने त्याची कड उतरवायला घेतली. काल संध्याकाळी जाऊन बघितलं. कापलेल्या मातीत हातभर खोलीवर राखेचा करडा पट्टा दिसतोय, त्यात हाडांचे तुकडे आणि लाल खापरं. एका खापरावर काळ्या तिरक्या रेघा अगदी स्पष्ट आहेत. जोर्वे इथून लांब नाही. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि अशाच खापरांना त्या गावाचं नाव मिळालं, म्हणून जीव जास्तच तुटतोय.

मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, "मोजणी झालीय, बाकी आम्हाला माहीत नाही." १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातलं १०० मीटरच्या आत बांधकाम न करण्याचं बंधन संरक्षित स्मारकांपुरतंच, आणि आमचं टेकाड कुठल्याच यादीत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज-हंटिंगडन ए१४ रस्त्याच्या वेळी आधी उत्खनन झालं, लोहयुगीन वस्त्या आणि रोमन भट्ट्या नोंदवल्या, मग डांबर पडलं. इथे निदान आठवडाभर तरी थांबावं!

कुणी असं काम थांबवून पाहणी करून घेतलीय का? अर्ज तहसीलदारांकडे द्यावा, की थेट जिल्हाधिकारी आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे? पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागातलं कुणी इथे असेल तर कृपया बोला. खापरं मी उचललेली नाहीत. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढलेत, अक्षांश-रेखांशही लिहून ठेवलेत. सोमवारी मशीन पुन्हा येणार आहे.