सीमाभागातील अभ्याससहलीसाठी भुसावळहून कोठे जावे?

प्रश्न : आमच्या समाजशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांना भारत-पाकिस्तान सीमेवरील लोकजीवन अभ्यासायचे आहे. अटारी येथील संचलन पाहून टाळ्या वाजवून परतावे, अशी सहल नको आहे. कोणता भाग निवडावा?

उत्तर १ : मॅडम, पंजाब मेल भुसावळहून थेट फिरोजपूरला जाते, म्हणून हुसैनीवाला सुचवतो. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचे स्मारक असलेली ही जागा फाळणीत पाकिस्तानकडे गेली होती. १९६१ मध्ये सुलेमानकीजवळची बारा गावे देऊन भारताने ती मिळवली. मात्र खरा अभ्यास शेतात आहे. पंजाबात कुंपण बऱ्याच ठिकाणी सीमारेषेच्या अलीकडे असल्याने अनेक शेतकऱ्यांची जमीन कुंपणापलीकडे राहते, आणि सीमा सुरक्षा दलाच्या फाटकातून ठरलेल्या वेळेतच त्यांना तेथे जाता येते; उंच वाढणाऱ्या पिकांवरही बंधने असतात. रात्री वीज आली की केळीला पाणी द्यायला धावणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना यातली अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

उत्तर २ : सहमत आहे, परंतु आधी नवापूर स्थानकावर एक दिवस सराव करावा. महाराष्ट्र-गुजरात सीमा त्या फलाटावरूनच जाते, तरी कोणी कोणाला अडवत नाही. हा फरक मुलांनी आधी पाहिलेला बरा. मुलाखतींसाठी पंजाबी जाणणारा सोबती हवाच.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. परवानगीसाठी जिल्हा प्रशासनाला आजच पत्र लिहिते.