फ्लॅश रेडिओथेरपी: डोस मोजायचं काम 'नंतरचं' कसं?

हर्णैकर: "फ्लॅश आलं की सेकंदाच्या आत कॅन्सरचं रेडिएशन उरकेल, मोजमापाचे घोळ तज्ज्ञांनी नंतर निस्तरावेत" असं काल इथेच कुणीतरी लिहिलं आणि डोकं फिरलं. लिनॅकवर, म्हणजे कॅन्सरला किरणं देणाऱ्या यंत्रावर, हयात गेली, म्हणून लिहितो. नेहमीच्या उपचारात मिनिटाला काही ग्रे (शोषलेल्या किरणांचं माप) जातात. फ्लॅशमध्ये सेकंदाला 40 च्या वर, आणि इलेक्ट्रॉनच्या यंत्रात एकेका पल्सलाच (झटक्यालाच) ग्रे-दोन ग्रे. डोस मोजणाऱ्या आयन चेंबरातल्या हवेत आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, इतकी दाटी होते की इलेक्ट्रोड गाठायच्या आधीच आयन एकमेकांत जुळून जातात. मीटर कमी दाखवतो. निम्मं दाखवलं आणि त्यावर विसंबून तुम्ही वाढवलंत, की रुग्णाला दुप्पट. डोस पुरा झाला की झोत थांबवणारा यंत्राच्या आतला मॉनिटर चेंबरही त्याच जातीचा. मग थांबवणार कोण?

दाभोळचा संत्या: मोजत बसा. माझे वडील घशाच्या कॅन्सरला लाईट घ्यायला मुंबईत महिने काढून आले. पुतण्याच्या खोलीत सहा माणसं, आणि हॉस्पिटलात गेलं की "मशीन बंद आहे, उद्या या". घोटभर पेज गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. एका दिवसात आटोपणार असतं तर पाच-दहा टक्के इकडेतिकडे चाललं असतं आम्हाला. 2018 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दिलंच की एकाला, 15 ग्रे, 90 मिलिसेकंदांत. मेला का तो?

हर्णैकर: त्याचंच पूर्ण वाचा. कातडीवरची साडेतीन सेंटिमीटरची गाठ होती, आणि डोस फिल्म नि अ‍ॅलॅनिन या डोस टिपणाऱ्या दोन्ही साधनांनी पडताळलेला. ज्यांनी दिलं त्यांनी मोजूनच दिलं. दहा टक्के चालतं म्हणे!

गुहागरी: फिजिक्सवाल्यांना घाबरवायची हौसच. अमेरिकेत सिनसिनाटीला 10 जणांना प्रोटॉनने 8 ग्रे एका बैठकीत दिले, कुठे आभाळ कोसळलं? आपला हापूस तर किडीपायी 400 ग्रे खाऊन अमेरिकेला जातो.

देवगडचो आबा: हापूस ग्रे खाता ता ठीक, पैसो कोण खाता ता बोला! वाशीत अडत, वर किरणांचो खर्च. कोरोनात अमेरिकेचो इन्स्पेक्टर येवक नाय म्हणान दोन हंगाम तिकडची निर्यात बंद. आमका काय, कॅनिंगचो भाव.

राजापूर_रिटर्न: किरणं मारलेला आंबा मी तोंडातही घेत नाही. चव जाते.

देवगडचो आबा: मेल्या, तुका निर्यातीचो आंबो देता कोण?

राजापूर_रिटर्न: तोंड सांभाळून. आमची स्वतःची कलमं आहेत.

हर्णैकर: आंबा काढलातच तर पुरता काढा. त्याला किमान 400, कमाल 1000. मध्ये कुठेही बसलं तरी चालतं, कीड निकामी झाली की झालं. घशाला ती मोकळीक नाही. आणि सिनसिनाटीचं म्हणाल तर ती हातापायांची हाडं, शिवाय सायक्लोट्रॉन या प्रोटॉनच्या यंत्राचा जवळजवळ सलग झोत. तिथे आयन जुळण्याचा त्रास बराच कमी. हे मान्य. पण सगळं फ्लॅश एकाच पोत्यात भरू नका.

दाभोळचा संत्या: माझ्या वडिलांच्या घशाशी आंब्याची तुलना? शरम वाटू द्या थोडी.

हर्णैकर: मी काढली नाही, गुहागरींनी काढली.

दाभोळचा संत्या: बरं, मोजा बाबा, तुमचंच खरं. पण कशाने मोजणार? की नुसतं 'नाही' म्हणायला पगार मिळतो?

हर्णैकर: उष्णतेवरून डोस मोजणाऱ्या कॅलोरीमीटरला डोसचा वेग बाधत नाही, पण एका ग्रेने पाणी तापतं जेमतेम 0.00024 अंश. रोजच्या धबडग्यात त्याचे चोचले कोण पुरवणार? फिल्म भरवशाची, पण आकडा लगेच देत नाही. अगदी अरुंद फटीचे चेंबर आणि हिऱ्याचे डिटेक्टर निघालेत. युरोपातल्या मापनसंस्थांनी 2019 पासून यूएचडीपल्स हा प्रकल्प याचसाठी राबवला. दोन वेगळ्या जातीच्या डिटेक्टरांचे आकडे जुळले, की मी गप्प बसेन.

दाभोळचा संत्या: म्हणजे आमच्या हयातीत नाही. आभारी आहे, साहेब.

देवगडचो आबा: ता ऱ्हवांदे. अडत किती टक्के कापतत ता कोण सांगीत काय?