शब्दचर्चा : दर्जा ‘घसरून राहिला’ की ‘घसरतो आहे’?

बर्डीकर :
महानायकांच्या गोष्टी पडद्यावर आणणाऱ्या मार्व्हल स्टुडिओच्या, डिस्ने प्लस या ऑनलाइन सेवेवरील मालिकांवर मी एका मासिकासाठी लेख लिहीत आहे. त्यातील ‘२०२१ पासून या मालिकांचा दर्जा घसरून राहिला आहे’ या वाक्याला संपादकांनी हरकत घेतली. ते विदर्भाबाहेरचे आहेत. दर्जा एकदाच घसरला आणि तिथेच पडून आहे, असा त्यांनी या वाक्याचा अर्थ लावला. आणि तसे असेल तर पुढच्याच परिच्छेदात २०२४ मधील ‘अगाथा ऑल अलाँग’चे कौतुक कशासाठी, असेही विचारले. मला म्हणायचे होते ते असे की, घसरण चालू आहे, मध्येच एखादी मालिका सावरते आणि गाडी पुन्हा उताराला लागते. नागपुरात वाढलेल्या माणसाला ‘पाऊस येऊन राहिला’ याचा दुसरा अर्थ सुचणेच अवघड आहे. हे रूप छापील मजकुरात चालावे की नाही, यावर जाणकारांनी मत द्यावे.

व्याकरणप्रेमी :
संपादकांचे म्हणणे योग्य आहे. ‘पडून राहणे’, ‘अडकून राहणे’, ‘टिकून राहणे’ या प्रयोगांत आधीची क्रिया घडून जाते आणि तिच्यातून आलेली स्थिती पुढे चालू राहते. चालू क्रियेसाठी प्रमाण मराठीत ‘घसरत आहे’ किंवा ‘घसरतो आहे’ ही रूपे असताना तिसऱ्याची गरज नाही. आपले रूप ही ‘गिर रहा है’ची सावली आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी होती, त्यामुळे ती सावली इथे पडली यात नवल नाही. पण म्हणून ती मासिकात उमटावी, असे मला वाटत नाही.

महालवासी :
सावली म्हणून हिणवण्याआधी रूपाकडे नीट पाहावे, ही विनंती. हिंदीत ‘रहा’च्या आधी नुसता ‘गिर’ हा धातू येतो. आमच्याकडे ‘घसरून’ हे अस्सल मराठी ऊनान्त, म्हणजे ‘-ऊन’ने संपणारे, रूप येते. म्हणजे साचा मराठीच आहे, अर्थ तेवढा वेगळा आहे. एकच साचा पुण्यात एक अर्थ देतो आणि नागपुरात दुसरा, तर त्यांपैकी एकालाच मराठी म्हणण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? आणि बर्डीकरभाऊ, २०२३ ची ‘सीक्रेट इन्व्हेजन’ पाहिल्यावर मला तर वाटते की संपादकांचा अर्थही चुकीचा नाही. तिथे दर्जा घसरला आणि खरोखरच पडून राहिला.

लेखणी :
भांडण क्रियापदाच्या शेपटीवरून चालले आहे, पण मुळात ‘घसरणे’ हाच शब्द मला इथे ढोबळ वाटतो. परीक्षेतले गुण घसरतात, रुपया घसरतो. मालिकेचे काय होते, हे सांगायला आपल्याकडे ‘पाणचट’ हा नेमका शब्द आहे. आमच्या घरी आजी दूरचित्रवाणीवरच्या रोजच्या मालिका पाहताना ‘यात पाणी घातले’ असे म्हणत असे, तेच इथे लागू पडते. बर्डीकरांनी सरळ ‘मालिका पाणचट झाल्या’ असे लिहावे आणि संपादकांशी वाद मिटवावा.

धंतोलीकर :
लेखणीताई, ‘पाणचट’ आणि ‘पाणी घालणे’ यांची आपण गल्लत करीत आहात, आणि या विषयात ती गल्लत महागात पडेल. मराठी प्रेक्षक ‘मालिकेत पाणी घातले’ असे म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार लांबीबद्दल असते : लग्न ठरते, मोडते, पुन्हा ठरते, आणि चार भागांची गोष्ट चारशे भाग चालते. मार्व्हलच्या बहुतेक मालिका सहा भागांत संपतात. ‘वांडाव्हिजन’ आणि ‘शी-हल्क’ नऊ भागांच्या आहेत, ‘एको’ तर अवघ्या पाच भागांची आहे आणि ती जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी पूर्ण दाखवली गेली. इतक्या आखूड मालिकेत पाणी घालायला जागाच कुठे असते?

माझी तक्रार नेमकी उलटी आहे. ‘वांडाव्हिजन’चा पहिला भाग आठवून पाहावा. कृष्णधवल चित्र, १९५० च्या दशकातल्या अमेरिकी घरगुती विनोदी मालिकेची हुबेहूब नक्कल, प्रेक्षकांचे हसू, आणि जेवणाच्या टेबलावर पाहुण्याच्या घशात घास अडकतो तेव्हा ते हसू थांबून कॅमेऱ्याची चालच बदलते. पुढचे भाग दशकादशकाने पुढे सरकतात. हे सगळे नायिकेच्या शोकाबद्दल होते आणि ते दूरचित्रवाणीच्याच भाषेत सांगितले होते. शेवटच्या भागात मात्र दोन चेटकिणी आकाशात एकमेकींवर रंगीत झोत फेकतात, आणि आठ भाग ज्या शोकाजवळ आपण बसलो होतो त्याच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. इथून पुढे हा शेवट नेमच झाला. २०२२ च्या ‘शी-हल्क’ने तर शेवटच्या भागात नायिकेला थेट मालिका बनवणाऱ्या यंत्रासमोर उभे केले आणि ‘असा शेवट मला नको’ असे तिच्याच तोंडून वदवले. आपला दोष ओळखून त्यावर विनोद करणारी मालिका मला आवडली, परंतु पुढच्याच वर्षीच्या ‘सीक्रेट इन्व्हेजन’चा शेवट पुन्हा सर्व महानायकांच्या शक्ती अंगात भरून घेतलेल्या दोघांच्या गुद्दागुद्दीवर आला. समोरचा माणूस खरा की त्याचे रूप घेतलेला परग्रहवासी, या संशयावर उभी असलेली गोष्ट अशी संपावी, याला मी ‘उरकणे’ म्हणतो. ‘पाणचट’ नव्हे, ‘उरकलेली’.

याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत मालिकेची सूत्रे पहिल्या संहितेपासून शेवटच्या संकलनापर्यंत शोरनर नावाच्या एका लेखक-निर्मात्याच्या हाती असतात. मार्व्हलने सुरुवातीला ही पद्धत टाळली आणि मालिका म्हणजे लांबलेला चित्रपट, असे धरून काम केले : प्रमुख लेखक वेगळा, दिग्दर्शक वेगळा, आणि जे जमले नाही ते नंतर पुनर्चित्रणात किंवा संगणकावर दुरुस्त करायचे. २०२३ मध्ये ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’च्या काही भागांचे चित्रण झालेले असताना लेखक-दिग्दर्शक बदलावे लागले, तेव्हा कुठे पद्धत बदलली. ती मालिका मार्च २०२५ मध्ये आली.

लेखणी :
आजीच्या शब्दाचा अर्थ आपण लांबीपुरता आकसून टाकला, धंतोलीकर. पाणचट वरण वाटीभर असले तरी पाणचटच असते. त्यासाठी ते पातेलेभर असावे लागत नाही. मालिका आखूड आहे, म्हणून ती दाट आहे, असे कुठे ठरले? ‘उरकलेली’ म्हणजे घाईने केलेली, आणि घाईने केलेले वरणही पाणचटच होते. आपण कारण सांगत आहात, मी चव सांगत आहे.

धंतोलीकर :
मग माझा दुसरा शब्द घ्यावा : ‘रतीब’. मार्व्हलने एकट्या २०२१ मध्ये पाच मालिका आणल्या. सर्वांत चांगल्या गोष्टीचाही रतीब घातला की तिची वाट पाहणे बंद होते. दर्जा घसरला तो भांड्यात नव्हे, रोजच्या फेरीत.

शुद्धलेखन :
‘रतीब’ हा शब्द अरबी आहे. संस्कृतोद्भव ‘ऱ्हास’ हा डौलदार आणि नेमका शब्द उपलब्ध असताना परकीय शब्दाकडे जाण्याचे प्रयोजन कळत नाही. ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसले होते. आज तेच शब्द सर्रास वापरले जातात. ‘मार्व्हलच्या मालिकांचा ऱ्हास’ असे लिहिल्यास ‘घसरून’ही नको आणि ‘राहिला’ही नको.

महालवासी :
मग ‘दर्जा’ही काढावा लागेल, साहेब, कारण तोही अरबीच आहे. आणि ‘ऱ्हास’ म्हणजे मूळचा ‘ह्रास’. ‘ह्रस्व’ ज्या धातूतून आला त्याच धातूतून आलेला. त्याच्या पोटात आखूड होणे, कमी होणे आहे. इथे तर २०२१ पासून मालिकांवर मालिका आल्या आणि तक्रारही तीच आहे. व्युत्पत्तीच्या मांडीवर बसायचेच असेल, तर ‘ऱ्हास’ इथे उलट दिशेने धावतो.

शुद्धलेखन :
शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या धातूने बांधलेला नसतो, हे आपणास माहीत असणार.

महालवासी :
अगदी मान्य. मग तो त्याच्या जन्मगावानेही बांधलेला नसावा.

बर्डीकर :
चर्चा रंगली आहे, पण माझे वाक्य तसेच आहे, आणि त्यात आणखी एक अडचण निघाली. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी जुलै २०२३ मध्ये एका मुलाखतीत कबूल केले की, मार्व्हलला दूरचित्रवाणीचा म्हणावा तसा अनुभव नव्हता, चित्रपट वाढवले आणि त्यावर मालिकांचीही भर घातली, त्यामुळे लक्ष ‘डायल्यूट’ झाले. लेखणीताईंचा ‘पाणचट’ इथे बसत नाही, कारण पाणचट झाले ते त्यांचे लक्ष, गोष्ट नव्हे. ‘लक्ष पाणचट झाले’ हे कानाला भयंकर वाटते.

लेखणी :
‘लक्ष विरळ झाले.’ केस विरळ होतात, वस्ती विरळ होते, तसे. ‘पातळ’ नको, पातळ लक्ष म्हणजे काय ते कळणार नाही. माझ्यापुरते सांगते : आपल्याकडे पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, घालतात, तेव्हा वरचा लाल तवंग पाहून ती जहाल वाटते, आणि चमचा खाली गेला की कळते नुसते पाणी आहे. ‘मून नाइट’चे पहिले दोन भाग तवंग आहेत. माणूस विरळ लक्षाने शिजवू लागला की असेच होते.

व्याकरणप्रेमी :
‘विभागले गेले’ हा रूढ प्रयोग आहे आणि पुरेसा आहे. ‘विरळ लक्ष’ मी कधी ऐकले नाही.

दुभाषा :
‘विभागले’ने अर्थ निसटतो. विभागलेले लक्ष दोन-तीन ठिकाणी पुरेसे असू शकते. आयगर यांचे म्हणणे होते की ते कुठेच पुरेसे उरले नाही. मे २०२४ मध्ये त्यांनी वर्षाला चारच्या जागी साधारण दोनच मालिका करण्याचे जाहीर केले, ते याच कारणाने. पण मला ‘रतीब’बद्दल एक सांगायचे आहे, कारण तो शब्द धंतोलीकरांनी अर्धाच वापरला. रतीब घालतो तो गवळी. रतीब लावते ते गिऱ्हाईक. डिस्ने प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाले ते महिन्याच्या पैशांवर, आणि महिना संपताना गिऱ्हाइकाने रतीब बंद करू नये म्हणून दर आठवड्याला दारात काहीतरी आले पाहिजे, हे गणित पहिल्या दिवसापासून होते. कारखान्याने दूध पातळ केले हे खरेच, पण रतीब आपणच लावला होता. त्यामुळे या व्यवहाराला मराठीत ‘सबस्क्रिप्शन’ किंवा ‘वर्गणी’ म्हणण्यापेक्षा ‘रतीब’च म्हणावे, असे मी सुचवतो.

शुद्धलेखन :
‘वर्गणी’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे. नियतकालिकांची वर्गणी आपण पिढ्यान्‌पिढ्या भरत आलो आहोत.

दुभाषा :
वर्गणीत आपुलकी आहे. मासिकाची वर्गणी भरणारा ते मासिक चालावे म्हणून भरतो, गणपतीची वर्गणी देणारा उत्सव व्हावा म्हणून देतो. ‘हॉकआय’ची पुढची मालिका निघावी म्हणून कोणी पैसे भरत नाही, पैसे भरलेलेच असतात, म्हणून पाहतो.

धंतोलीकर :
हा भेद मला पटत नाही. २०१५ ते २०१८ या काळात ‘डेअरडेव्हिल’ नेटफ्लिक्सवर तेरा-तेरा भागांची येत असे, पैसे तेव्हाही महिन्यालाच भरावे लागत, आणि ती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून प्रेक्षकांनी मोहीम चालवली. ती वर्गणीच होती. शब्द व्यवहारावरून ठरवायचा की दुधावरून, हे आधी ठरवावे लागेल.

दुभाषा :
व्यवहारावरूनच. दूध चांगले असले तरी तो रतीबच असतो.