गावातल्या जुन्या माणसांचा सत्कार करायचाय, पण शाल-श्रीफळछाप नको. कसा करावा?

चिमणबागवाला

नमस्कार मंडळी. राहतो इंदूरला, पण गाव इथून तासाभरावर. नाव लिहीत नाही, लिहिलं की संध्याकाळपर्यंत तिथे चहाच्या गुमटीवर जाहीर वाचन होईल. गावात मराठी घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीयेत तरी गणपती बसतो, दहा दिवस कार्यक्रम होतात आणि आरतीला आख्खं गाव येतं, त्यात मराठी-हिंदी असा काही भेद नाही.

तर यंदा आम्ही काही पोरांनी (पोरं म्हणजे चाळिशी ओलांडलेली) ठरवलं की ज्यांनी जन्मभर गावासाठी राबून काही मागितलं नाही अशांचा सत्कार करायचा. पाच नावं निघाली. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर काका, रिटायर होऊन जमाना झाला तरी म्हाताऱ्या-कोताऱ्यांची ड्रेसिंग करायला सायकलवर घरोघर जातात. एक गणिताच्या बाई, ज्यांच्या ओसरीवर बसून अर्धं गाव दहावी पास झालं, फी कधी घेतली नाही. एक नळ सोडणारे दादा, एक पोस्टमन, आणि एक आहेत जे कुणाच्याही घरी मयत झाली की लाकडं, बांबू, भटजी सगळं बघतात, घरच्यांना काही विचारत नाहीत.

मग ही यादी व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली आणि तिथेच खेळ बिघडला. दोन दिवसांत पाचाची सतरा झाली. पार्षदाचे (म्हणजे नगरसेवकाचे) वडील आले, मांडववाल्याचे मेहुणे आले, एकाने तर स्वतःच्याच सासऱ्यांचं नाव टाकून खाली स्वतःच अंगठा दिला. कुणी म्हणे अमुक समाजाचा एक घ्या, नाहीतर नाराज होतील. बजेट आहे चाळीस हजार. आणि ज्यांच्यावरून हे सगळं सुचलं ते कंपाउंडर काका म्हणतात, बाबारे मला स्टेजवर चढवू नका, मी काही येणार नाही.

निवड कशी करावी, द्यायचं काय, पैसे दिले तर बरं दिसतं का, आणि काकांचं काय करू? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर

मी स्वतः सत्कार झालेला प्राणी आहे म्हणून बोलायचा हक्क बजावतो. माझ्या माळ्यावर ऍक्रिलिकचे मोमेंटो आहेत, एकावर माझं आडनाव चुकलंय आणि एकावर माझं नावच नाही, फक्त प्रायोजकाचं आहे. एका ठिकाणी फोटो झाल्यावर कार्यकर्ता हळूच येऊन म्हणाला, सर शाल द्या इकडे, पिशवीत घालून देतो. पिशवी आली, शाल पुढच्या सत्कारमूर्तीच्या खांद्यावर दिसली. (संस्था चांगली आहे, नाव घेत नाही.)

पण हे हसण्यावारी जाऊ द्या, मला लागलं ते वेगळंच. निवेदिकेने माझ्याबद्दल वाचलं की "यांनी शिक्षणक्षेत्रात मोलाची कामगिरी बजावली असून त्यांचे कार्य प्रेरणादायी आहे". हे वाक्य तुम्ही गणिताच्या बाईंना लावा, पोस्टमनला लावा, फक्त क्षेत्र बदला, चालून जाईल. म्हणजे माझ्याबद्दल कुणालाच काही माहिती नव्हती आणि माहिती काढायची तसदीही घेतली नव्हती.

म्हणून माझं सांगणं, तुमचा सगळा जीव मानपत्रात ओता. आधी त्या माणसाकडे जाऊन तास-दोन तास बसा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग त्याच्या शेजाऱ्यांकडे जा, कारण तो स्वतः काही सांगणार नाही. नळवाल्या दादांना विचारा की उन्हाळ्यात टाकी अर्धी असताना कुठल्या मोहल्ल्याला आधी पाणी सोडायचं हे कसं ठरवायचे आणि शिव्या कोणाच्या खायचे. ती गोष्ट मानपत्रात आली पाहिजे, गल्लीच्या नावासकट. ऐकणाऱ्यातल्या निदान दहाजणांनी मान हलवून "हो, हो, असंच होतं" म्हटलं पाहिजे. "मोलाची", "उल्लेखनीय", "अतुलनीय" हे शब्द दिसले की खुशाल काट मारा.

आणि सतराचा प्रश्नही यातच सुटतो बघा. ज्याने नाव सुचवलं त्यानेच त्या माणसाने काय केलं ते एक पानभर लिहून आणायचं, हकिकतीसकट, आणि घरचा नातेवाईक सोडून गावातल्या दोघांनी त्यावर सही करायची. बघा किती उरतात.

सराफ्यातली_मावशी

मास्तरांशी सहमत. पण भाऊ, पाच नावांत बाई एकच? गावात बायका काहीच करत नव्हत्या का इतकी वर्षं? ही यादी कुणी काढली ते न विचारता कळतंय 😄

राग मानू नका, पण असं होतं कारण बायकांचं काम घराच्या आत असतं, त्याला कुणी सेवा म्हणत नाही. तुम्ही एक करा, गावातल्या साठीच्या पुढच्या बायकांना विचारा की रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर कुणाचं दार वाजवायचात. तुमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कधीच येणार नाहीत अशी नावं निघतील. आमच्याकडे एक नर्सबाई निघाल्या होत्या, आणि एक आजी ज्या बाळंतिणीला चाळीस दिवस डिंकाचे लाडू नि शेक-शेगडी सगळं फुकटात करायच्या.

इंदूरच्या डॉ. भक्ती यादव आठवा. एमजीएम मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या सुरुवातीच्या मुलींपैकी, आणि मग जन्मभर परदेशीपुऱ्यासारख्या गिरणी कामगारांच्या वस्तीत बायकांची बाळंतपणं करत राहिल्या, गरिबाकडून पैसे घेतले नाहीत. "डॉक्टर दादी" म्हणायचे लोक. त्यांना पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, वय नव्वदीला आलेलं, तब्येत पार ढासळलेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मिळाली हे चांगलंच झालं, पण थोडी आधी मिळाली असती तर हिंडत्या-फिरत्या असताना मिरवली असती असं मला फार वाटतं. तेव्हा तुमच्या यादीतलं जे सगळ्यात वयस्कर आहे त्याला यंदाच घ्या, "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

खडूस_माळवी

मला एक समजत नाही, हे सत्कार-बित्कार नेमके कुणासाठी करतो आपण? त्या नळवाल्या दादांना पेन्शन आहे का ते विचारलं का कुणी? बहुतेक तो डेली वेजेसवरच राहिला असणार. चाळीस हजारातले पंचवीस मांडव, साउंड आणि फ्लेक्समध्ये जातील, पाच शालींत, पाच नाश्त्यात, आणि दादा घरी जाऊन बीपीची गोळी अर्धी तोडून खातील. मेल्यावर चौकाला नाव द्याल. मी तर म्हणतो कार्यक्रम कॅन्सल करा आणि सगळे पैसे पाचांत वाटून टाका.

चिमणबागवाला

@खडूस, पैसे वाटायचं आमच्याही डोक्यात होतंच, पण बाईंच्या हातात पाकीट दिलं तर त्या आम्हालाच छडी काढतील हो. आणि मांडव गणपतीचा आहेच, त्याचा वेगळा खर्च नाही. नुसतं टोचून बोलण्यापेक्षा मार्ग सांगा.

खडूस_माळवी

बरं, मार्ग घ्या. सत्तरीच्या पुढच्या कुणाचंही आयुष्मान कार्ड निघतं आता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून, "वय वंदना" म्हणतात त्याला. उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय बघतात, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती झाल्यावरचा इलाज. तुमच्या पाचांपैकी किती जणांकडे आहे हे कार्ड? पैज लावतो, दोघांकडे सुद्धा नसेल, कारण ओटीपी आणि फोटो काढायला कुणी नाही बरोबर. सत्काराच्या आधी एक दिवस लॅपटॉप घेऊन घरी जा आणि काढून द्या. पोस्टमनला जर सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असेल तर त्यांना दोन्हीतलं एक निवडावं लागेल, ते आधी विचारून घ्या.

आणि गोळ्या-औषधांसाठी पाकीट देऊ नका, मेडिकलवाल्याकडे खातं उघडा. वर्षभराचे पैसे मंडळाने भरायचे, दुकानदाराने औषध द्यायचं, स्टेजवर घोषणा करायची नाही. घेणाऱ्याला ओशाळं व्हायला नको आणि फेसबुकवरही जायला नको.

निवृत्त_मास्तर

खडूसराव, आज पहिल्यांदा तुमच्याशी पटलं. थैली द्यायची आपल्याकडे जुनी चाल आहेच की. टिळकांच्या साठीला, १९१६ साली, लोकांनी एक लाखाची थैली दिली होती, त्या काळचे लाख. त्यांनी ती स्वतःकडे ठेवली नाही, देशकार्याला देऊन टाकली. तुमच्या बाईही तेच करतील, तेव्हा त्यांना आधीच विचारा की बाई तुमच्या नावाने दहावीच्या पोरांसाठी काय करू. पुस्तकपेढी म्हणाल्या तर पुस्तकपेढी.

नाव देण्याचंही असंच, देऊन टाकायचं म्हणून कुठल्याही चौकाला नको. आपल्या इंदुरात देवळालीकर मास्तरांचं नाव कलादालनाला आहे, आणि ते शोभतं कारण त्यांनी १९२७ साली इथे चित्रकलेची शाळा उभी केली आणि बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकले. तुमच्या नळवाल्या दादांचं नाव पाण्याच्या टाकीला द्या. नगर परिषदेत ठराव लागेल, सीएमओला (तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला) अर्ज द्या आणि पार्षदाला त्या कामाला लावा, म्हणजे तो वडिलांचं विसरेल थोडा वेळ.

फॉर्मवाला

एक वेगळी गोष्ट सुचवतो. मानपत्रासाठी एवढी माहिती गोळा करतच आहात तर ती फेकू नका. पद्म पुरस्कारांसाठी कुणीही नागरिक ऑनलाइन नाव पाठवू शकतो, विधायक-खासदाराची शिफारस लागत नाही. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर फॉर्म आहे, त्यात त्या माणसाच्या कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं. शेवटची तारीख दरवर्षी बदलू शकते, पोर्टलवर बघा. एकच लक्षात ठेवा, सरकारी नोकरीत असलेल्यांना हा मिळत नाही (डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून), पण तुमचे सगळे रिटायर आहेत. आणि सहसा माणूस हयात असतानाच देतात, म्हणजे मावशींचं म्हणणं इथेही लागू.

मिळेल का? खरं सांगायचं तर आख्ख्या देशातून वर्षाला १२० च्या आसपासच देतात, त्यामुळे आशेवर राहू नका. पण आपल्या भागातल्या आडबाजूच्या लोकांना मिळतोय हल्ली. २०२५ मध्येच बघा ना, महूकडचे निर्गुणी भजनं गाणारे भेरूसिंह चौहान आणि खरगोनकडचे निमाडी लेखक जगदीश जोशीला, दोघांना एकाच वर्षी पद्मश्री. भोपाळलासुद्धा ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशी माणसं.

आणि मध्य प्रदेशात गावोगावी गौरव दिवस करतात ना, इंदूरचा ३१ मे ला असतो, अहिल्याबाईंच्या जयंतीला. तुमच्या गावाचाही असेल काही. तिथे नगर परिषदेच्या खर्चाने हेच लोक बोलवता येतील, मंडळाचे पैसे वाचतील.

सराफ्यातली_मावशी

गौरव दिवस नको गं बाई. तिथे म्हाताऱ्यांना चार वाजता बोलावतात, पाहुणे साताला येतात, आणि मे महिन्यात अंगावर शाल! शिवाय स्टेजला पायऱ्या अशा की धरायला काही नाही. तुमच्याकडेही बघा हं, पायरीला कठडा करा, खुर्ची हात असलेली ठेवा, आणि बाथरूम जवळ आहे का ते आधी बघा. दोन तास बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं लक्ष तिकडेच असतं, तुमच्या मानपत्राकडे नाही.

कंपाउंडर काकांचं मी सांगू? त्यांना सत्काराला बोलावूच नका. आरतीचा मान द्या. आरतीला नाही कोण म्हणतं? दहा दिवस रोज संध्याकाळी आरती असतेच, आणि ती आजवर कोणाच्या हातून होत आलीये? विधायक, पार्षद, वर्गणी देणारे शेठ. यंदा ती या लोकांच्या हातून करा, एका दिवशी एकच माणूस, सहकुटुंब. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली की प्रसाद वाटायच्या आधी, सगळे उभेच असतात तेव्हा, मानपत्र वाचायचं, पाच मिनिटं, बस. भाषण नाही, स्टेज नाही, पाहुणे नाहीत. काका तिथे असतीलच ताम्हण धरून, जातील कुठे 😄

पोहेवाला_भिया

मावशी एक नंबर 🙏 भिया असंच करा. आणि नाश्त्यात पोहे-जलेबीच ठेवा, ते केटरिंगवालं पनीर नको.

चिमणबागवाला

मावशी, हे आम्हाला का नाही सुचलं! रात्री मीटिंग घेतली, बहुतेकांना पटलं. मास्तरांचा पानभर लिहिण्याचा नियम लावल्यावर एकूण सहाच पानं आली, त्यात दोन नावं आमच्या यादीत नव्हतीच, दोन्ही बायकांची. एक तर माझ्याच आईने लिहून दिलं, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंबद्दल, आणि पान पुढच्या बाजूला पुरलं नाही म्हणून मागे लिहिलंय.

मेहुणे आणि सासरे आपोआप गळाले. पार्षदाला पहिल्या दिवशीची आरती हवीच आहे, म्हणतो परंपरा आहे. स्थापनेची सकाळची देऊन टाकू, तेव्हा गर्दी नसते. कार्डांचं काम माझा पुतण्या करतोय, तीन जणांकडे नव्हतं खरंच, खडूसराव जिंकले.

आता एकच अडलंय, मानपत्र मराठीत लिहावं की हिंदीत? पोस्टमन दादा आणि पोषण आहारवाल्या बाई दोघंही माळवी बोलणारे आहेत, घरच्यांना मराठी कळत नाही.

निवृत्त_मास्तर

ज्याचं त्याच्या भाषेत. पोस्टमनचं माळवीतच लिहा की, कोण अडवतंय. कंपाउंडर काकांचं आणि बाईंचं मराठीत मी लिहून देतो, पण रेकॉर्डिंग मला नारळी पौर्णिमेच्या आत पाठवा, नंतर मी पुण्याला मुलीकडे जातोय. आणि काकांच्या शेजाऱ्यांचं रेकॉर्डिंग वेगळ्या फाइलीत पाठवा, ते त्यांच्यासमोर घेऊ नका.