मदत हवी आहे : ‘हकलबरी फिन’ मुलासोबत कसं वाचावं?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, त्याला शाळेत मार्क ट्वेनचं ‘हकलबरी फिन’ लावलंय. जेवणं आटोपली की आम्ही दोघं मोठ्याने वाचतो. कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येते. ती आली की तो थांबतो आणि माझ्याकडे बघतो. २०११च्या एका आवृत्तीत तिच्या जागी ‘गुलाम’ घातलंय, पण मला ते पटत नाही. त्या काळाचा क्रूरपणाच त्यात पुसला जातो.

एकतिसाव्या प्रकरणात गोष्ट सांगणारा मुलगा हक, पळून आलेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारं पत्र फाडतो; गुलामाला पळायला मदत करणं पाप आहे असं शिकवलेलं असूनही नरकात जायला तयार होतो. तिथे मला भरून आलं. पण शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर येतो, आणि जिम आधीच मुक्त झालाय हे माहीत असूनही त्याच्या सुटकेचा खेळ मांडतो. मुलगा चिडून म्हणाला, “आई, जिमला कुणी विचारलंच नाही!” मला उत्तर सुचेना.

तुम्ही मुलांसोबत वाचलं असेल तर सांगा ना : तो शब्द उच्चारलात की गाळलात? आणि जिमच्या तोंडून सांगितलेली पर्सिव्हल एव्हरेटची ‘जेम्स’ (२०२४) ही कादंबरी लगेच हातात द्यावी, की थोडं थांबावं?