किलर व्हेलला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आम्ही सिअ‍ॅटलला असतो. रविवारी फेरीतून ऑर्कस बेटावर जाताना पाण्यातून भला उंच, काळाकुळकुळीत पर वर आला. लेकीने विचारलं, “आई, किलर व्हेल मराठीत?” मी बोलून गेले, “मारेकरी देवमासा.” ती गप्पच झाली. मग म्हणाली, “देव कसा मारेकरी?” मला काही सुचेना. बरा शब्द सांगाल का? किलर व्हेलला ‘ऑर्का’ही म्हणतात, मग बेटाचं नाव यांच्यावरूनच ना?

उत्तर १: ताई, तो डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यांत मोठा प्राणी. टोळीने मोठ्या देवमाशांचीही शिकार करतो. खलाशी त्याला ‘देवमासे मारणारा’ म्हणत, पुढे शब्दांची अदलाबदल झाली, असं सांगतात. सरळ ‘ऑर्का’ म्हणा.

उत्तर २: बेटाचा याच्याशी संबंध नाही. १७९१ च्या स्पॅनिश मोहिमेत मेक्सिकोच्या व्हाइसरॉयचं नाव इथे दिलं गेलं. त्यातल्या ‘ओर्कासितास’चं आखूड रूप म्हणजे ऑर्कस.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! लेकीने वहीत ‘मारेकरी’ खोडून ‘ऑर्का’ लिहिलंय. आता ‘फॉल्स किलर व्हेल’ सापडलाय तिला. तोही डॉल्फिनच, पण वेगळा. त्याला काय म्हणू?